ओतलेल्या धातूच्या पोटातले ग्रेन येतात तरी कुठून?

धातुवेडी:

नमस्कार मंडळी. ॲल्युमिनियममध्ये 4.5 टक्के तांबं घातलेला मिश्रधातू लोखंडी साच्यात ओतायचा, ठोकळा उभा कापायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि कॉस्टिकने एच करायचा, म्हणजे ग्रेन उठून दिसतील इतपत कोरायचा. जे चित्र दिसतं ते पुस्तकातल्या आकृतीबरहुकूम असतं. भिंतीला चिकटून बारीक ग्रेनचा (ग्रेन म्हणजे धातूतला एकेक स्फटिक) पातळ थर, त्यातून आत घुसलेले लांबट कॉलम्नर ग्रेन आणि मध्यभागी सगळ्या बाजूंनी सारखे वाढलेले इक्विॲक्स्ड ग्रेन. परीक्षेत तीन पट्टे काढून दाखवले की गुण मिळतात.

माझी अडचण त्यापुढची आहे. उष्णता जाते भिंतीतून. म्हणजे सगळ्यात थंड जागा भिंत आणि सगळ्यात गरम मध्य. मग स्फटिकांना मध्यभागी जन्माला यायची बुद्धी का होते? दुसरं म्हणजे, हे मधले ग्रेन खालच्या अर्ध्यात गच्च भरलेले दिसतात. वरच्या अर्ध्यात कॉलम्नर पट्टा बराच आतपर्यंत आलेला असतो. साचा तर वर-खाली सारखाच आहे. पुस्तकाने "मध्यभागी नवीन केंद्रके तयार होतात" या एका वाक्यात बोळवण केली आहे. कुणी नीट सांगेल का?

तळटीप:

वाचनखूण साठवली. इथे जुंपणार आहे, मी पहिल्या रांगेत बसतो.

अवक्षेप:

पुस्तकातलं वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. तुमच्या प्रश्नाला गेल्या सत्तरेक वर्षांत निदान चार उत्तरं दिली गेली. मजा म्हणजे त्यातली दोन एकाच माणसाच्या नावाशी जोडलेली आहेत.

पहिलं उत्तर. घन ॲल्युमिनियमला तांबं फारसं पचत नाही. वितरण गुणांक (घनातलं तांबं भागिले द्रवातलं तांबं) सुमारे 0.17 आहे. म्हणजे 4.5 टक्के तांब्याच्या द्रवातून पहिला जो घन कण बनतो त्यात तांबं जेमतेम पाऊण टक्का असतं. उरलेलं तांबं समोरच्या द्रवात ढकललं जातं. वाढत्या स्फटिकाच्या नाकासमोर तांब्याचा एक दाट पापुद्रा साचतो आणि तांबं वाढलं की द्रवाचं लिक्विडस तापमान, म्हणजे ज्या तापमानाला तो गोठायला लागतो ते, खाली येतं. पापुद्र्याच्या पलीकडे द्रव जरा गरम असतो खरा, पण तिथे तांबं कमी, म्हणून लिक्विडस बराच वर. त्यामुळे पलीकडचा द्रव गरम असूनही स्वतःच्या लिक्विडसच्या मानाने जास्त "थंडावलेला" असतो. याला कॉन्स्टिट्यूशनल सुपरकूलिंग म्हणतात. टिलर, जॅक्सन, रटर आणि चाल्मर्स यांनी 1953 मध्ये ते गणितात मांडलं. पुढच्याच वर्षी विनेगार्ड आणि चाल्मर्स म्हणाले की मधले ग्रेन याच पट्ट्यात जन्मतात. तुमच्या पुस्तकातलं वाक्य इथून आलं आहे.

दुसरं उत्तर 1963 चं, खुद्द चाल्मर्स यांचंच. ते म्हणाले, मधल्या ग्रेनपैकी पुष्कळसे ओतण्याच्या क्षणीच जन्मतात. गरम धातू थंड भिंतीला लागतो, तिथे एकदम असंख्य स्फटिक होतात, आणि ओतण्याच्या खळबळीत त्यातले बरेच सुटून आत वाहून जातात. आतला द्रव फार गरम असेल तर ते विरघळून संपतात. नसेल तर तरंगत राहतात आणि नंतर वाढतात. याला बिग बँग सिद्धांत असं भारदस्त नाव पडलं.

तिसरं 1966 चं. जॅक्सन, हंट, उलमन आणि सीवर्ड यांनी पारदर्शक पदार्थ गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. डेंड्राइट म्हणजे झाडासारखा फांद्या फुटलेला स्फटिक. त्याच्या फांद्या खोडाशी बारीक असतात. तिथे विद्राव्य साचून किंवा तापमान थोडं वर जाऊन ती मान वितळते आणि फांदी सुटते. सुटलेली फांदी म्हणजे नवा, स्वतंत्र ग्रेन.

चौथं साउदिन यांचं, 1967. वरचा उघडा पृष्ठभाग हवेला उष्णता देऊन गोठतो, तिथल्या डेंड्राइटचे तुकडे खाली पडतात.

लक्षात घ्या, पहिलं उत्तर सोडलं तर बाकी तिन्हींत स्फटिक जन्मतो एकीकडे आणि सापडतो दुसरीकडे. तुम्ही जो छेद बघताय तो पत्त्यांचा आहे, जन्मस्थळांचा नाही.

साशंक:

चार उत्तरं आहेत याचा अर्थ खात्रीचं एकही नाही. आणि ते तीन पट्टे पाहून या चारांतलं कुठलंही सिद्ध करता येतं. गोठून झालेल्या ठोकळ्यावरून प्रवास सांगणं म्हणजे शवविच्छेदन करून माणूस कुठल्या गाडीने आला ते सांगणं.

जुना मोल्डर:

साशंकराव, गाडी सांगता येते हो. तिकीट असतं खिशात.

आमच्याकडे ही चर्चा कुणी केली नाही, पण प्रत्येकाला ठाऊक होतं की धातू जास्त तापवून ओतला तर ग्रेन लांबट आणि मोठे येतात, लिक्विडसच्या जवळ आणून ओतला तर बारीक येतात. साचा तोच, धातू तोच, गोठायचा वेगही फार बदलत नाही. फक्त सुपरहीट (लिक्विडसच्या वर किती अंश तापवला ते) बदलला. आता अवक्षेप म्हणतात तो तांब्याचा पापुद्रा सुपरहीट गेल्यावरही तसाच तयार होणार ना? मग एवढा फरक का पडावा? माझ्या मते कारण एकच. गरम द्रवात सुटलेले स्फटिक वाचत नाहीत.

स्टीलच्या कंटिन्युअस कास्टिंगमध्येही सुपरहीट 20-30 अंशांवर ठेवायची धडपड असते ती यासाठीच. कमी केला तर नोझल तुंबायची भीती, वाढवला तर कॉलम्नर ग्रेन मध्यापर्यंत जाऊन भिडतात आणि मध्यरेषेवर कार्बन, गंधक, फॉस्फरस यांची गर्दी होते. म्हणून इलेक्ट्रोमॅग्नेटिक स्टिरर बसवतात. द्रव फिरला की फांद्या सुटतात आणि सुपरहीटही लवकर निघून जातो.

धातुवेडी:

@अवक्षेप, पत्ता आणि जन्मस्थळ हे डोक्यात बसलं. @मोल्डरकाका, सुपरहीटचा मुद्दा पटला. पण फांदी सुटते ती प्रवाहाच्या जोराने मोडून की वितळून?

अवक्षेप:

वितळून. सरळ मोडण्याची कल्पना पूर्वी लोकप्रिय होती. पण पिलिंग आणि हेलावेल यांनी 1996 मध्ये डेंड्राइटच्या फांदीवर प्रवाहाचा किती ताण येऊ शकतो याचा हिशेब केला आणि तो मोडण्यासाठी फारच तोकडा निघाला. तरीही ढवळल्याने तुकडे वाढतात हे खरंच आहे. प्रवाहाचं काम वेगळं आहे. तो फांद्यांच्या मधला तांब्याने दाटलेला द्रव इकडून तिकडे नेतो. असा द्रव गरम बाजूकडे, वाढीच्या दिशेने वाहू लागला की वाटेतल्या घनाला वितळवत जातो. शिवाय मान वितळल्यावर तुकडा तिथेच अडकून बसला तर पुन्हा चिकटतो. त्याला ओढून बाहेर काढणं हेही प्रवाहाचंच काम.

त्यात भर म्हणजे फांद्या काही न करताही जाडजूड होत राहतात. लहान फांद्या विरघळतात, मोठ्या फुगतात. दुय्यम फांद्यांमधलं अंतर गोठण्याच्या स्थानिक वेळेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. या फुगण्यातही माना बारीक होतात.

गोठणबिंदू:

ज्यांना हे डोळ्यांनी बघायचं आहे त्यांच्यासाठी. अमोनियम क्लोराइड (नवसागर) आणि पाणी. वजनाने सुमारे 30 टक्के, म्हणजे 100 ग्रॅम पाण्याला 43 ग्रॅम. गरम करून पूर्ण विरघळवा आणि चपट्या काचेच्या भांड्यात ओता. नवसागर धातूंसारखाच, कंगोरे नसलेले डेंड्राइट करतो, म्हणून ओतकामाच्या अभ्यासात तो पुन्हा पुन्हा येतो.

एका भिंतीकडून थंड केलं तर भिंतीवर झाडोरा उगवतो, त्यातून कण सुटतात, खाली जाताना वाढतात आणि तळाशी ढीग होतो. काही कण मधल्या प्रवाहात सापडून पुन्हा वर येतात आणि वरच्या गरम थरात गडप होतात. मला सगळ्यात रंजक वाटतं ते तळाकडून थंड केल्यावर. नवसागर घनात गेल्याने उरलेला द्रव पाणीदार आणि हलका होतो. तो झाडोऱ्यातून धारा काढत वर उसळतो आणि त्याच्या वाटेवरचे डेंड्राइट विरघळून नळ्या पडतात. कोपली आणि सहकाऱ्यांनी 1970 मध्ये टर्बाइनच्या पात्यांवर येणाऱ्या फ्रेकल या दोषाचं कारण शोधताना हेच द्रावण वापरलं होतं.

निकेल सुपरॲलॉयमध्ये टंगस्टन आणि रेनियम घनात जातात, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम द्रवात उरतात. म्हणजे खालचा द्रव हलका, वरचा जड. धार उसळते, फांद्या वितळवून सोडवते, आणि एकस्फटिक म्हणून बनवलेल्या पात्यावर बारीक ग्रेनची उभी माळ उमटते. पातं बाद. एका सुटलेल्या फांदीची किंमत काय असते ते तिथे कळतं.

साशंक:

नवसागर म्हणजे धातू नव्हे. पाण्याची उष्णतावाहकता आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमची यात दोन पिढ्यांचं अंतर आहे. धातूत कुणी पाहिलंय का?

क्षकिरण:

पाहिलंय. सिंक्रोट्रॉनचे (इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवणाऱ्या यंत्राचे) तीव्र क्ष-किरण मिळू लागल्यावर. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉन केंद्रात मॅथिसेन आणि सहकाऱ्यांनी कथील-शिसे मिश्रधातूतले डेंड्राइट वाढताना प्रत्यक्ष टिपले आणि 1999 मध्ये प्रसिद्ध केले. नंतर ॲल्युमिनियम-तांब्याची पाळी आली. तांबं क्ष-किरण जास्त अडवतं, त्यामुळे तांब्याने दाटलेला द्रव काळा आणि डेंड्राइट उजळ दिसतो. फांदीची मान बारीक होताना, तुटताना आणि तुकडा निघून जाताना सलग दिसतो.

इथे तुमच्या आवडीची एक गोष्ट आहे. 20 टक्के तांब्याच्या मिश्रधातूत हे तुकडे वर जातात. द्रवात तांबं इतकं असतं की तो ॲल्युमिनियमच्या स्फटिकापेक्षा जड होतो.

मर्यादाही सांगतो. नमुना 0.1-0.2 मिलीमीटर जाडीचा असतो, म्हणजे ग्रेन जवळपास दोन भिंतींमध्ये दाबलेला. तिथला प्रवाह मोठ्या ठोकळ्यातल्यासारखा नसतो. पण फांदी सुटते की नाही हा वाद मात्र संपला.

धातुवेडी:

मग माझ्या 4.5 टक्क्यांत ते वर जातात की खाली?

अवक्षेप:

खाली. शुद्ध ॲल्युमिनियमचे आकडे घेऊन हिशेब करू. वितळबिंदूपाशी घन साधारण 2.55 आणि द्रव 2.38 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. फरक 0.17. द्रवाची श्यानता सुमारे 1.3 मिलीपास्कल-सेकंद. 0.1 मिलीमीटर व्यासाचा गोल कण धरला आणि स्टोक्सचा नियम लावला की वेग येतो सेकंदाला सुमारे 0.7 मिलीमीटर. म्हणजे 100 मिलीमीटर उंची उतरायला सव्वादोन-अडीच मिनिटं. व्यास दुप्पट झाला की वेग चौपट, निदान स्टोक्स लागू असेपर्यंत.

तुमच्या मिश्रधातूत तांब्यामुळे द्रव थोडा जड असतो, त्यामुळे फरक कमी. शिवाय खरा ग्रेन गोळी नसून फांद्यांचा पिंजरा असतो आणि पिंजऱ्यात द्रव भरलेला. म्हणून तो याहून सावकाश उतरतो. आणि गोठणं पुढे सरकेल तसं उरलेल्या द्रवात तांबं वाढत जातं, फरक आणखी घटतो. 10 टक्के तांब्याच्या आसपास घन आणि द्रव जवळजवळ समान वजनाचे होतात. त्यापुढे कण तरंगायला लागतो.

आता प्रवाह. भिंतीजवळचा द्रव थंड, शिवाय तांब्याने दाटलेला. तुमच्या मिश्रधातूत दोन्ही कारणं एकाच दिशेची: भिंतीलगत खाली, मधून वर. भिंतीच्या डेंड्राइटमधून सुटलेला तुकडा या धारेत सापडतो, तळाशी येतो, मध्याकडे वळतो. तिथे प्रवाह त्याला वर न्यायला बघतो, वजन खाली ओढतं. जो मोठा झाला तो बसला. म्हणून खालचा अर्धा गच्च. खाली ग्रेनचा ढीग पुरेसा दाट झाला की बाजूने येणाऱ्या कॉलम्नर ग्रेनची वाट अडते. हंट यांच्या 1984 च्या मॉडेलमध्ये समोरच्या ग्रेननी सुमारे 49 टक्के जागा व्यापली की कॉलम्नर वाढ थांबते असं धरलं आहे. वर ढीग नाही, म्हणून वर कॉलम्नर मोकाट.

स्टीलमध्ये हेच नाट्य उलटसुलट होतं. कार्बनने दाटलेला द्रव हलका, म्हणून वर जाऊ बघतो. थंडावा त्याला खाली ढकलतो. शेकडो टनांच्या इंगॉटमध्ये (ओतीव ठोकळ्यात) तळाशी कमी कार्बनचा शंकू मिळतो, तो खाली बसलेल्या स्फटिकांचा. आणि वर मिश्रघटकांनी दाटलेल्या तिरक्या नळ्या मिळतात, त्यांना ए-सेग्रिगेट म्हणतात.

तळटीप:

थोडक्यात, 20 टक्केवाला तरंगतो, 4.5वाला बुडतो, 10वाला त्रिशंकू.

चुंबकसूची:

तळाशी बसलेल्या ग्रेनमध्ये तांबं कमी, म्हणजे रासायनिक विश्लेषणातही प्रवास दिसला पाहिजे. आणि दिसतोच. ॲल्युमिनियमच्या मोठ्या डीसी कास्ट (डायरेक्ट चिल, म्हणजे पाण्याने थेट थंड करत ओतलेल्या) स्लॅबमध्ये मध्यभागी तांबं आणि मॅग्नेशियम सरासरीपेक्षा कमी भरतं. टायटॅनियम मात्र मध्यभागी जास्त, कारण त्याचा वितरण गुणांक 1 पेक्षा मोठा, ते घनात जायला उत्सुक. म्हणजे तरंगत येऊन मध्यभागी बसलेले ग्रेन हेच कारण. साशंकरावांना हवं ते तिकीट.

साशंक:

तिकीट बनावट आहे. घन होताना धातू आकसतो, ती पोकळी भरायला द्रव फांद्यांमधून बाहेरच्या बाजूला ओढला जातो. तो द्रव तांब्याने श्रीमंत आणि टायटॅनियमने गरीब. मध्य त्यामुळेही तांब्याला मुकतो आणि टायटॅनियम राखतो. एकही ग्रेन जागचा हलला नाही तरी चिन्हं हीच येणार. फ्लेमिंग्ज आणि नेरिओ यांनी 1967 मध्ये मांडलेल्या समीकरणात हे सरळ बसतं. दोन कारणं एकच खूण ठेवत असतील तर ती खूण पुरावा होत नाही.

अवक्षेप:

साशंक बरोबर बोलत आहेत. रसायन दोन्हीकडे साक्ष देतं.

वेगळा पुरावा आहे तो ग्रेनच्या आत. डीसी बिलेटच्या (गोल ओतीव ठोकळ्याच्या) मध्याचा छेद मोठा करून पाहिला तर दोन जातींचे ग्रेन शेजारी शेजारी दिसतात. काहींच्या फांद्यांमधलं अंतर बारीक, काहींचं भरड. दोघं एकाच ठिकाणी, एकाच वेगाने गोठले असते तर अंतर सारखं यायला हवं होतं. भरड फांद्यांचा ग्रेन बराच वेळ संक्रमण क्षेत्रात, म्हणजे अर्धवट गोठलेल्या पट्ट्यात, जवळपास स्थिर तापमानात फिरत होता, तिथे त्याच्या फांद्या फुगल्या, मग तो येऊन बसला. आकसण्याच्या प्रवाहाने असे दोन वयाचे शेजारी तयार होत नाहीत.

मोल्डरकाकांच्या खिशातलं तिकीट मला वाटतं हेच.

साशंक:

हे मान्य. हे आधी का नाही सांगितलं?

धातुवेडी:

ग्रेन रिफायनर (ग्रेन बारीक यावेत म्हणून घालतात तो पदार्थ) घातल्यावर हे सगळं बाद होतं का? म्हणजे मग ग्रेन जिथल्या तिथे जन्मतात?

अवक्षेप:

बऱ्याच अंशी हो, पण "जिथल्या तिथे राहतात" असं नाही. 5 टक्के टायटॅनियम, 1 टक्का बोरॉनवाली कांडी घातली की धातूत टायटॅनियम डायबोराइडचे मायक्रॉन-दोन मायक्रॉनचे कण विखुरतात. ग्रीअर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवलं की कण जितका मोठा तितक्या कमी सुपरकूलिंगवर त्यावरचा स्फटिक मोकळा वाढू लागतो. 2 मायक्रॉनच्या कणाला अंशाचा तिसरा हिस्साभर पुरे. सगळ्यात मोठे कण आधी पेटतात, त्यांच्या वाढीतून निघालेल्या उष्णतेने तापमान जरासं वर येतं आणि बाकीच्यांची संधी हुकते. शंभरात एखाद्याच कणाच्या नशिबी ग्रेन होणं असतं, बहुतेकदा तेवढंही नाही.

आता असे बारीक, गोलसर ग्रेन डेंड्राइटपेक्षा जास्त उशिरापर्यंत सुटे राहतात. डेंड्राइटच्या लांब फांद्या एकमेकींत लवकर गुंततात. द्रवात 15-20 टक्के घन झाला तरी जाळं विणलं जाऊ शकतं. गोलसर ग्रेनचं जाळं बरंच नंतर. म्हणजे रिफायनर जन्माची जागा सर्वत्र करतो आणि प्रवासाचा काळही वाढवतो.

जुना मोल्डर:

रिफायनरवरून एक. घालून ठेवून दिला तर त्याचा गुण उतरतो. कण खाली बसतात. कितीही चांगली कांडी आणा, भट्टीत ढवळलं नाही तर शेवटच्या लॅडलला (ओतायच्या डोयीला) वेगळाच ग्रेन.

गोठणबिंदू:

काकांच्या बोलण्याला हिशेबाचा आधार. डायबोराइडची घनता साधारण 4.5, द्रवापेक्षा 2.1 ने जास्त. 2 मायक्रॉनचा सुटा कण सेकंदाला 3-4 मायक्रॉन उतरतो, म्हणजे अर्धा मीटर खोल भट्टीत तळ गाठायला दीड दिवस. पण 20 मायक्रॉनची गुठळी झाली तर वेग शंभरपट, पाऊण तासाच्या आत काम तमाम. गुण उतरतो तो गुठळ्यांमुळे.

जुना मोल्डर:

प्रेशर डाय कास्टिंगवाल्यांसाठी प्रवासाचा आणखी एक प्रकार सांगतो, इथे कुणी काढला नाही. शॉट स्लीव्हमध्ये, म्हणजे ज्या नळीतून प्लंजर (दट्ट्या) धातू डायमध्ये (साच्यात) ढकलतो तिच्यात, धातू ओतला की स्लीव्हच्या थंड भिंतीवर तिथेच स्फटिक होतात. प्लंजर पुढे गेला की हे मोठे डेंड्राइट डायमध्ये शिरतात. कास्टिंग कापलं तर बारीक ग्रेनच्या गर्दीत हे थोराड पाहुणे ओळखू येतात आणि बहुतेक जाडीच्या मध्यभागी सापडतात. स्लीव्ह गार असेल, धातू थंड असेल, ओतून प्लंजर हलेपर्यंत वेळ गेला असेल तर पाहुणे जास्त. टेन्साइलचा (ओढून ताकद तपासायचा) तुकडा अवेळी तुटला तर मी आधी स्लीव्ह बघतो, मग डाय.

आणि पृष्ठभागाला समांतर एक काळपट पट्टी दिसते, पोरॉसिटीची (बारीक पोकळ्यांची) किंवा मिश्रघटकांच्या गर्दीची. ती का येते हे मला कधी कुणी समाधानकारक सांगितलं नाही.

क्षकिरण:

त्याचं उत्तर 2007 मध्ये गॉर्ले आणि डाले यांनी नेचरमध्ये दिलं. समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर पाय टेकला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. दाबाने कण एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधली पोकळी वाढते आणि पाणी आत शोषलं जातं. रेनॉल्ड्सने 1885 मध्ये याला डायलेटन्सी म्हटलं. अर्धवट गोठलेल्या धातूतही ग्रेन हे कण आणि उरलेला द्रव हे पाणी. डायमध्ये भिंतीजवळचा धातू जवळपास घट्ट, मधला अजून वाहता. दोघांच्या सीमेवर कातर बसते, म्हणजे थर एकमेकांवरून घसरतात, तिथे ग्रेन एकमेकांना ढकलून सैल होतात आणि शेजारचा मिश्रघटकांनी दाटलेला द्रव त्या पट्ट्यात ओढला जातो. द्रव पुरला तर सेग्रिगेशनची पट्टी, नाही पुरला तर पोरॉसिटीची. पट्टीची रुंदी साधारण 7 ते 18 ग्रेन एवढी येते, मातीच्या अभ्यासात मिळते तशीच.

म्हणजे जाळं विणलं गेल्यावरही ग्रेनचं हलणं संपत नाही. फक्त आता ते झुंडीने हलतात.

जुना मोल्डर:

वा. आता समजलं इंटेन्सिफिकेशन प्रेशर (डाय भरल्यावर द्यायचा जादा दाब) बदललं की पट्टी का सरकते ते. धन्यवाद.

चुंबकसूची:

स्फटिकांना मुद्दाम अडवण्याचा एक जुना नमुना. बेअरिंगच्या बॅबिट धातूत (आयझॅक बॅबिट, 1839) कथील आणि अँटिमनीचे चौकोनी स्फटिक होतात. ते द्रवापेक्षा हलके, वर तरंगून गोळा होतात आणि बेअरिंग वर कठीण, खाली मऊ. उपाय तांब्याचा. तांबं-कथिलाच्या सुया आधी गोठतात, त्यांचं काटेरी जाळं द्रवभर पसरतं आणि चौकोनी स्फटिक तिथेच अडकून बसतात.

जुना मोल्डर:

उलट बाजूही आहे. डाय कास्टिंगच्या होल्डिंग भट्टीत लोह, मँगनीज, क्रोमियमचे जड स्फटिक तळाशी बसतात, त्याला आम्ही स्लज म्हणतो. लोह अधिक मँगनीजची दुप्पट अधिक क्रोमियमची तिप्पट, ही बेरीज बघायची. बेरीज जास्त आणि भट्टी थंड, की स्लज आलाच. तो लॅडलमधून कास्टिंगमध्ये गेला की मशीन शॉपवाले टूल घेऊन भांडायला येतात.

धातुवेडी:

खूपच मिळालं. आता माझ्या ठोकळ्यात काय बघू? भरड-बारीक फांद्या बघणारच आहे, खालच्या अर्ध्यात. अजून?

अवक्षेप:

दोन ठोकळे ओता, एक लिक्विडसच्या 20 अंश वर, एक 100 अंश वर. जास्त तापवलेल्यात मधला ढीग अगदीच घटला तर ओतताना सुटलेल्या स्फटिकांचा वाटा मोठा. थोडाच घटला तर फांद्या नंतर सुटतात असं समजा. रिफायनर अजिबात नको, नाहीतर हा फरक झाकला जाईल.

साशंक:

आणि एका ठोकळ्यात भिंतीपासून थोडं आत उभी बारीक जाळी ठेवा. ग्रेन भिंतीकडून येत असतील तर जाळीच्या बाहेर अडकलेले दिसतील, आत लांबट ग्रेन वाढतील. दोन्हीकडे सारखे आले तर मी पुन्हा विनेगार्डच्या बाजूने.

धातुवेडी:

जाळी स्टीलची चालेल का? ॲल्युमिनियममध्ये लोखंड विरघळतं ना?

जुना मोल्डर:

तेवढ्या वेळात जाळी टिकेल, पण बोरॉन नायट्राइडचा लेप द्या, धातू चिकटणार नाही. लेप पूर्ण वाळवा. ओलावा राहिला तर धातू उडतो, यात हयगय नको. आणि जाळी साच्यात ठेवण्याआधी चांगली तापवून घ्या. थंड घातलीत तर स्फटिक जाळीवरच जन्मतील आणि साशंकराव तो ठोकळा मोजणारच नाहीत.

साशंक:

नाहीच मोजणार.